आधी मांड

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘नीट चालता यायच्या आधीपासून घोड्यावर बसते आहे, म्हणजे ड्रेसाज मला सोपं जाईल ना?’ असं तू विचारलं आहेस. ड्रेसाज म्हणजे घोड्याला बारीक इशाऱ्यांवर आखीव चाली करायला लावणं. ते निम्मं सोपं जाईल. उरलेलं निम्मं त्याच कारणामुळे जड जाईल.

तबेल्यात वाढलेल्या पोराला काही गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. घोड्यानं चंदी टाकली, सारखं कुशीकडे वळून बघायला लागला, की पोटात कळ आहे हे तू ओळखतेस. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे साधी पोटदुखीही त्याच्या जिवावर बेतू शकते, हे कुणी सांगायच्या आधीच तू मोठ्यांना झोपेतून उठवलं असशील. खरारा करताना कातडी कुठे थरथरते, उचललेल्या खुराला वास येतो का, कान कुठे वळलेत, हे सगळं तुझ्या अंगात भिनलंय. मोठेपणी शिकायला येणाऱ्यांची याच्यामागे वर्षं जातात, आणि काहींना ते कधीच जमत नाही.

पण त्याच तबेल्यात तू आणखी एक गोष्ट शिकलीस: पडायचं नाही. घोडा उधळला की गुडघे आवळायचे, लगाम ओढून धरायचा. त्यानं तू वाचलीस, हे खरं. ड्रेसाजमध्ये मात्र तेच आड येतं. गुडघे आवळले की मांड वर उचलली जाते. मांड सुटली की तुझा तोल हातांवर येतो, आणि हातांवरचा तोल बिटमधून, म्हणजे लगामाच्या तोंडातल्या कडीतून, थेट घोड्याच्या तोंडात जातो. मग तो मान ताठ करतो, पाठ खाली दाबतो, मागचे पाय पोटाखाली यायचे ते मागेच रेंगाळतात. बघणारे म्हणतात, घोडा अडेल आहे.

म्हणून पहिलं वर्ष लंजवर, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर, काढ. लगाम नाही, रिकीब नाही, दोरी दुसऱ्याच्या हातात. रोज वीस मिनिटं पुरतात, त्यापुढे तूही थकतेस आणि घोडाही. अपमान वाटेल. घोडा चौखूर सोडणाऱ्या मुलीला नवशिक्यासारखं गोल गोल फिरवतात म्हणून मी तर रडले होते.

त्या दिवसांत मला लिस हार्टेलची गोष्ट कळली. ती डेन्मार्कची. 1944 साली पोलिओ झाला आणि गुडघ्यांखाली पाय लुळे पडले ते कायमचे. घोड्यावर चढायला-उतरायला तिला माणूस लागायचं. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज स्त्रियांना पहिल्यांदा खुलं झालं, आणि ज्युबिली नावाच्या घोडीवर तिनं रौप्यपदक मिळवलं. चार वर्षांनी पुन्हा रौप्य. टाचा मारून काही सांगण्याची सोयच नव्हती तिला. सांगायचं ते सगळं कमरेतून आणि वजनातून.

आता माझी चूक सांगते. माझा एक घोडा डावीकडे वळायला कुरकुर करू लागला. त्या अंगाला वळवलं की शेपटी फटकारायचा, दात करकरायचा. मी त्याला शिस्त लावायला निघाले. पायांचा जास्त दाब, टाचेला मोठा स्पर (टोचणी), जास्त सराव. काही महिन्यांनी मानेच्या मुळाशी, खोगीर टेकतं तिथे, दोन पांढरे ठिपके उगवले. जागा सतत दबली की तिथले केस पांढरे येतात. अंगानं भरलेल्या घोड्यावर मी जुनंच अरुंद खोगीर चढवत होते. खोगीर बदललं, कुरकुर थांबली. ठिपके मात्र शेवटपर्यंत राहिले, आणि खरारा करताना रोज दिसायचे. तेव्हापासून घोडा ‘नाही’ म्हणाला की मी आधी दात, पाठ, खूर आणि खोगीर बघते. त्याचा स्वभाव सगळ्यात शेवटी.

कुणाकडे शिकायचं हे ठरवतानाही तेच कर. भिंतीवरच्या फिती आणि चषक बघू नकोस. घोड्यांच्या ओठांचे कोपरे बघ, टाच लागते तिथले केस झिजलेत का बघ, नाकपट्टीखाली बोट जातं का बघ. घोड्याची हनुवटी छातीला लावून ‘बघा, कसा गोल झाला’ म्हणणारा भेटला तर चहाही न घेता नीघ.

धंद्याबद्दल तू एका ओळीत विचारलंस, पण खरं सांगायला पान लागेल. बक्षिसांवर फार थोड्यांचं पोट चालतं. बाकीच्यांचं चालतं शिकवण्यावर, दुसऱ्यांचे घोडे तयार करण्यावर आणि घोडे विकण्यावर. दिवसाला सहा-आठ घोडे, त्यातला तुझा बहुधा एकही नाही. घोडा आठ वर्षांचा झाल्याशिवाय त्याला आंतरराष्ट्रीय ग्रां प्रीमध्ये, म्हणजे ड्रेसाजच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, उतरवता येत नाही, आणि बहुतेकांना त्याहून जास्त वेळ लागतो. इतकी वर्षं घालायची ती सहाएक मिनिटांच्या परीक्षेसाठी. एवढं करून, तो पियाफ, म्हणजे जागच्या जागी दुडकी चाल, करायला लागला की मालकाला चांगलं गिऱ्हाईक भेटतं. मी तयार केलेल्या एका घोडीला मीच गाडीत चढवलं, दार मीच लावलं. चार वाजता दुसऱ्या घोड्याचा सराव होता, तो घेतला. तू एकाच घोड्याबरोबर लहानाची मोठी झालीस, म्हणून विचारते: हे जमेल का? ‘नाही’ असेल तर त्यात लाज नाही. नोकरी दुसरी करून आपला एक घोडा आयुष्यभर उत्तम चालवणारे लोक मला माहीत आहेत, आणि काही दिवशी मला त्यांचा हेवा वाटतो.

राहिली परीक्षा. शून्य ते दहा गुण असतात, अर्धेही देतात. आठ कुठून येतील याच्या मागे लागू नकोस. 20 बाय 60 मीटरच्या मैदानात निम्म्या नवख्यांचं वर्तुळ बटाट्यासारखं होतं, आणि एक्सवर, म्हणजे मैदानाच्या मधोमध, सरळ, चारी पायांवर चौरस थांबणारे तर हाताच्या बोटांवर मोजावेत. हे गुण महागड्या घोड्याशिवाय मिळतात. आणि वॉक, म्हणजे घोड्याची साधी संथ चाल, सांभाळ. चार ठोक्यांची ती चाल लोक विश्रांती समजतात, पण घाईनं किंवा हातानं एकदा बिघडवली की दुरुस्त करायला तिच्याइतकी अवघड दुसरी चाल नाही.

तू पाठवलेल्या व्हिडिओत सगळं बाजूनं घेतलंय, आणि तेही कँटरच, म्हणजे धावती चालच. पुढच्या वेळी कुणाला तरी मागे उभं कर आणि लांब लगामावर पाच मिनिटं फक्त वॉक घे. मागचे पाय पुढच्या पायांच्या रेषेत पडतात का, आणि तू कुठल्या अंगाला कलतेस, ते मला बघायचंय. मला वाटतं उजव्या.

तुझी,
ताई