पदवीच्या पहिल्या वर्षी पाठ्यपुस्तक, गाइड, संदर्भग्रंथ आणि अभिजात साहित्य हे सगळं वाचायचं कसं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: एकेका विषयाला तीन-तीन जाडजूड पुस्तकं यादीत आली आहेत, वरच्या वर्गातली मुलं म्हणतात गाइड घे आणि मोकळा हो, घरचे म्हणतात जोडीला चार अभिजात पुस्तकंही वाच. मग विकत काय घ्यायचं, जुनी आवृत्ती चालेल का आणि हे सगळं वाचून संपवायचं कसं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. संपवायचं नाही. तुमच्या यादीतलं निम्मं मुळात संपवण्यासाठी लिहिलेलंच नसणार. मी शैक्षणिक पुस्तकांचं संपादन करते, मुद्रितं तपासते आणि पुस्तकाच्या शेवटी असते ती विषयसूची तयार करते. जाड पुस्तक आतून कसं बांधलेलं असतं ते रोज बघते, म्हणून सांगते: प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, हा हट्ट धरलात तर तिसऱ्या प्रकरणात गाडी अडणार आणि दोष तुम्ही स्वतःला देत बसणार.

यादीतलं कुठलं पुस्तक शिकण्यासाठी आहे आणि कुठलं शोधण्यासाठी, ते आधी ठरवा. मुखपृष्ठावरून हे कळत नाही. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'चंच बघा. हेन्री ग्रे या लंडनच्या तरुण शल्यचिकित्सकाने १८५८ साली ते काढलं, तेव्हा ते साडेसातशेच्या आसपास पानांचं, विद्यार्थ्यांसाठीचं पुस्तक होतं. (त्यातली चित्रं काढणारा हेन्री व्हॅन्डाइक कार्टर पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला आला. मुखपृष्ठावर नाव मात्र ग्रेचंच राहिलं.) ग्रे १८६१ मध्ये देवीच्या रोगाने गेला, पण पुस्तक आवृत्तीमागून आवृत्ती फुगत गेलं. आज ते दीड हजाराहून जास्त पानांचं आहे आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ते ओळीने वाचावं अशी कोणाचीच अपेक्षा नसते. शेवटी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच नावाचं एक वेगळं, विद्यार्थ्यांसाठीचं पुस्तक काढावं लागलं. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी दिसतात आणि हौसेने भलतंच उचललं जातं.

ओळखायची सोपी खूण सांगते. मधलंच कुठलंही पान उघडून वाचा. मागचं काही न वाचता ते कळत असेल, तर तो संदर्भग्रंथ. 'आपण मागील प्रकरणात पाहिले' असं पावलोपावली येत असेल आणि प्रकरणाच्या शेवटी स्वाध्याय असेल, तर ते पाठ्यपुस्तक. प्रस्तावनाही वाचा. कोणासाठी लिहिलंय आणि आधी काय यायला हवं, हे लेखकाने बहुतेक वेळा तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं.

पाठ्यपुस्तक एका विषयाला एकच धरा. तिघांतलं कुठलं, हे लोकांच्या शिफारशीवरून ठरवू नका. तुम्हाला सगळ्यात जड जाणारा एक मुद्दा घ्या, तिन्ही पुस्तकांत त्याचीच दोन-तीन पानं वाचा आणि मग पुस्तक मिटून त्यावरचं पहिलं उदाहरण सोडवायला बसा. ज्या पुस्तकानंतर हात चालला, ते तुमचं. भाषा सोपी वाटली म्हणून घेऊ नका. काही पुस्तकं वाचताना लोण्यासारखी जातात आणि मागे काहीच ठेवत नाहीत.

एकच धरा म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. दोन चांगली पुस्तकं एकमेकांविरुद्ध बोलतात असं वाटू शकतं. उष्मागतिकीचा (थर्मोडायनॅमिक्सचा) पहिला नियम घ्या. भौतिकशास्त्राच्या बऱ्याच पुस्तकांत आंतरिक ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता वजा कार्य, असं असतं. रसायनशास्त्राच्या पुस्तकात उष्णता अधिक कार्य असतं. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात प्रणालीने केलेलं कार्य मोजलंय, दुसऱ्यात प्रणालीवर केलेलं. हे संकेत प्रकरणाच्या सुरुवातीला एखाद्या ओळीत सांगून टाकलेले असतात. एका पुस्तकातून सूत्र आणि दुसऱ्यातून गणित उचललं की उत्तराचं चिन्ह उलटं येतं, आणि चूक कुठे झाली ते संध्याकाळपर्यंत सापडत नाही. दुसरं पुस्तक जरूर बघा, पण ग्रंथालयात, आणि एखादं प्रकरण अडलं तरच.

वाचायचं कसं, तर पेन्सिल घेऊन. प्रकरण उघडलं की आधी शेवटचा स्वाध्याय नजरेखालून घाला, म्हणजे लेखकाला तुमच्याकडून काय हवंय ते कळतं. मग वाचा. सोडवून दाखवलेलं उदाहरण आलं की उत्तरावर कोरा कागद ठेवा आणि स्वतः सोडवा. अडलात तर कागद एक ओळ खाली सरकवा, सगळा काढू नका. पिवळ्या मार्करने पानं रंगवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना 'आलं की सगळं' असं जे वाटतं, ते त्या पहिल्या पाच मिनिटांतलं असतं.

आता आवृत्ती. शीर्षकपानाच्या मागचं बारीक अक्षरातलं पान कोणी वाचत नाही, पण सगळी कुंडली तिथेच असते. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुनर्मुद्रणात तोच मजकूर पुन्हा छापलेला असतो, फार तर छपाईच्या चुका काढून. आवृत्ती बदलली की मजकुरात फेरफार असावा अशी अपेक्षा असते. इंग्रजी पुस्तकांत बरेचदा त्या पानावर १० ९ ८ ७ ६ अशी आकड्यांची ओळ दिसते. तिच्यात उरलेला सगळ्यात लहान आकडा म्हणजे ते कितवं मुद्रण आहे ते. त्यामुळे छपाईचं साल कालपरवाचं आणि मजकूर वीस वर्षांपूर्वीचा, असं सहज होऊ शकतं. साल वाचाल तर आवृत्तीचं वाचा.

जुनी आवृत्ती चालेल का? कलनशास्त्र (कॅल्क्युलस), रेषीय बीजगणित, अभिजात यामिकी (मेकॅनिक्स) यांना खुशाल घ्या. मूळ विषय हललेला नसतो. अडचण येते ती स्वाध्यायाची, कारण नव्या आवृत्तीत बरेचदा उदाहरणांचे क्रमांक बदलून ठेवलेले असतात. शिक्षकांनी 'सतरावं उदाहरण' सांगितलं तर तुमचं सतरावं भलतंच निघेल. वर्गातल्या कोणाच्या तरी नव्या प्रतीतून फोटो काढून घ्या, काम भागतं. कायदा, कर, वैद्यक आणि संगणक यांत मात्र जुनं पुस्तक फुकट मिळालं तरी त्यावर विसंबू नका. मापनाचंही तेच. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे भौतिकशास्त्रातल्या एका न बदलणाऱ्या संख्येवरून, केली जाते. त्याआधीच्या पुस्तकात तुम्हाला किलोग्रॅमचं प्रमाण म्हणून पॅरिसजवळ जपून ठेवलेला धातूचा दंडगोल भेटेल.

छापलेलं आहे म्हणून बरोबर, असंही धरू नका. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात असं १९२०च्या दशकापासून पाठ्यपुस्तकांत छापलं जात होतं. ४६ हा बरोबर आकडा १९५६ साली प्रसिद्ध झाला. मधल्या काळात शिकलेल्या मुलांनी ४८ लिहून पूर्ण गुण मिळवले असणार! तुमच्या पुस्तकाचं शुद्धिपत्र लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या संकेतस्थळावर आहे का ते वर्षाच्या सुरुवातीलाच बघा आणि दुरुस्त्या पेन्सिलीने प्रतीत उतरवून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि जवळजवळ कोणीच करत नाही.

संदर्भग्रंथ विकत घेण्याची घाई नको, ग्रंथालयातला पुरतो. तो मागून उघडायचा. समजा अर्थशास्त्राच्या ग्रंथात तुम्हाला चलनवाढ बघायची आहे. सूचीत अशी नोंद सापडेल: 'चलनवाढ १२, ४५, २१४–२३१, ३०२ टी.' यातल्या १२ आणि ४५ वर बहुधा नुसता उल्लेख असणार. २१४ ते २३१ ही सलग पानं म्हणजे मुख्य विवेचन, तिथे थेट जा. ३०२ पुढचा 'टी.' म्हणजे मजकूर तळटिपेत आहे. आणि नोंदीखाली 'हेही पाहा: व्याजदर, मजुरी' असं असेल तर ते सोडू नका. सूची करणारीने सगळा ग्रंथ वाचून तुमच्यासाठी तो दुवा जोडलेला असतो. पीडीएफमध्ये शब्द शोधला की काम झालं असं मुलांना वाटतं. पण चलनवाढीवरच्या एखाद्या परिच्छेदात तो शब्द न येता नुसती 'किमतींची वाढ' आलेली असेल, तर शोधयंत्र तिथे पोचत नाही. सूची पोचते, चांगली केलेली असेल तर. वाईट सूच्याही खूप निघतात, हे घरचाच आहेर समजा.

गाइडबद्दल माझं फार वाकडं मत नाही. परीक्षेत प्रश्न कसे विचारतात आणि उत्तर केवढं अपेक्षित आहे, हे त्यातून पटकन कळतं. पण ते शेवटी, पाठ्यपुस्तक झाल्यावर. प्रश्नाखालीच उत्तर छापलेलं असल्यामुळे तुम्ही कुठे अडता हेच त्यात कळत नाही.

अभिजात साहित्याचा कारभार अगदी वेगळा. तिथे नवं-जुनं हा प्रश्न नाही, हातातला मजकूर कुठला हा प्रश्न आहे. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ साली आली आणि १८३१ मध्ये तिने स्वतः ती बदलून पुन्हा काढली. पहिल्या मजकुरात एलिझाबेथ ही नायकाची आतेबहीण आहे, दुसऱ्यात दत्तक घेतलेली अनाथ मुलगी. दोन्ही मजकूर आज विकले जातात आणि कुठला छापलाय हे मुखपृष्ठावर असेलच असं नाही. 'हॅम्लेट'चे १६०३, १६०४-०५ आणि १६२३ असे तीन जुने छापील मजकूर आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. तुमच्या हातातलं 'हॅम्लेट' हे कुठल्या तरी संपादकाने त्यातून निवडून लावलेलं असतं. 'गलिव्हर'च्या सफरी चार आहेत. लहानपणी वाचलेल्या पुस्तकात बहुधा पहिल्या दोनच होत्या, आणि खरा कडवट भाग चौथीत आहे.

आपल्याकडे ज्ञानेश्वरीचं हेच झालं होतं. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झालेल्या ग्रंथात नकला होता होता पाठभेद शिरले. एकनाथांनी १५८४ मध्ये प्रती ताडून तो शुद्ध केला आणि वर बजावलं, की यात जो आपली ओवी घुसडेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली म्हणून समजा. संपादनाच्या धंद्यात राहून मला तरी याहून नेमकी सूचना माहीत नाही.

म्हणून अभिजात पुस्तक घेताना संपादकाचं नाव बघा, 'संक्षिप्त' हा शब्द कुठे बारीक अक्षरात दडलाय का ते बघा आणि अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव आणि अनुवाद मूळ भाषेतून केलाय की मधल्या भाषेतून, तेही बघा. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या प्रती वाचायला काहीच हरकत नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्ग १९७१ पासून हेच काम करतंय. मात्र तिथले अनुवाद बहुतेक कॉपीराइट संपलेलेच असतात, म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीची भाषा. पुस्तक रटाळ वाटलं तर आधी दुसऱ्या अनुवादाचं एक पान वाचून बघा. कित्येकदा दोष अनुवादाचा असतो.

प्रस्तावना शेवटी वाचा. अभ्यासकांनी लिहिलेल्या प्रस्तावना शेवट सांगून टाकतात, त्यांना त्यात काही वाटत नाही. टिपाही पहिल्या वाचनात सोडून द्या, अर्थच लागेनासा झाला तरच मागे जा. आणि चार नको, वर्षाला एक घ्या. सुट्टी लागली की सुरू करा, कारण परीक्षेच्या आधी रोज पाच पानं वाचली तर कादंबरीतली माणसंच लक्षात राहत नाहीत.

राहता राहिली खरेदी. विषयाला एक पाठ्यपुस्तक आणि ज्या भाषेत शिकताय तिचा एक बरा शब्दकोश, एवढं पहिल्या वर्षाला पुरे. बाकीचं ग्रंथालयातून आणा. महिनाभरात एकच पुस्तक तिसऱ्यांदा आणावं लागलं, तर तेवढं विकत घ्या.