सिग्नलला उशीर: सूर्यामुळे की त्याच्याभोवतीच्या वायूमुळे?

सूर्याच्या कडेने येणारा यानाचा रेडिओ सिग्नल सूर्याच्या गुरुत्वामुळे उशिरा पोचतो, असं आइन्स्टाइनचा सिद्धांत सांगतो; पण तो उशीर तिथल्या तप्त वायूमुळे नाही कशावरून, असं तुम्ही विचारलंत. शंका रास्त आहे. या प्रयोगातला बराचसा घाम तिथेच गळलाय.

आधी उशीर किती ते बघा. हा उशीर मोजण्याच्या चाचणीची कल्पना १९६४ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अर्विन शापिरोंनी मांडली. पुढे १९७६ मध्ये मंगळ सूर्यापलीकडे गेला, तेव्हा तिथल्या नासाच्या व्हायकिंग यानांवर ती झाली. सिग्नल जाऊन परत यायला चाळीसेक मिनिटं, त्यात उशीर सेकंदाचा सुमारे २५० दशलक्षांश भाग. अंतरात मांडलं तर ७५ किलोमीटर. आइन्स्टाइनचं गणित हजारात एक इतक्या अचूकीने जुळलं.

आता वायू. मी साताऱ्यात जमीन मोजणीची खाजगी कामं करतो. सुरुवातीला माझ्याकडे एकाच फ्रिक्वेन्सीचा जीपीएस होता. बेस, म्हणजे एका जागी ठेवलेला रिसीव्हर, साताऱ्यात, रोव्हर, म्हणजे हातातला फिरता रिसीव्हर, लांब दहिवडीला, आणि भर दुपारी बांधाचा दगड स्क्रीनवर हिंडायला लागायचा! शेतकरी माझ्याकडे आणि मी आभाळाकडे बघायचो. कारण वरचं आयनांबर, म्हणजे वातावरणातला विद्युतभारित वायूचा थर. दोन फ्रिक्वेन्सींचा रिसीव्हर घेतला तेव्हा ते थांबलं, कारण विद्युतभारित वायू कमी फ्रिक्वेन्सीला जास्त अडवतो. दोन्हींतला फरक काढला की वायूचा वाटा कळतो, तो वजा करायचा.

कॅसिनी यानाने शनीच्या वाटेवर असताना, जून २००२ मध्ये हेच केलं. एक्स आणि केए हे रेडिओ फ्रिक्वेन्सींचे दोन पट्टे, जाण्या-येण्याच्या मिळून तीन जोड्या. फ्रिक्वेन्सी चौपट झाली की वायूचा उशीर सोळापटीने घटतो. गुरुत्वाचा उशीर मात्र सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच. म्हणून दोन्ही वेगळे काढता येतात. मोजला होता तो थेट उशीर नव्हे, तर उशीर बदलत जाताना फ्रिक्वेन्सीत पडणारा बारीक फरक. बर्तोत्ती, इएस आणि तोर्तोरा या इटालियन शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये निकाल दिला: गॅमा हा आकडा, जो आइन्स्टाइनच्या गणितात नेमका १ आहे, १ च्या जवळ, अनिश्चितता लाखात दोन-तीन.

गॅमा म्हणजे अवकाशाच्या वक्रतेचा वाटा. उशीर का होतो ते सांगताना मागे मी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटाचं उदाहरण दिलं होतं, की नकाशावर अंतर थोडं आणि वळणांनी रस्ता लांब. ते निम्मंच बरोबर होतं. निम्मा उशीर रस्ता लांबल्यामुळे, उरलेला निम्मा सूर्याजवळ घड्याळच हळू चालतं म्हणून. अवकाश सपाट असतं तर गॅमा शून्य आला असता आणि व्हायकिंगला २५० ऐवजी १२५ च दिसले असते.