बिग बॉयच्या सोलो अल्बममध्ये आंद्रे ३००० का नाही? दोघांचं बिनसलं होतं का?

नाही हो, भांडण दोघांत नव्हतंच. आडवी आली ती रेकॉर्ड कंपनी. आउटकास्ट ही या दोघांची अटलांटाची रॅप जोडी जाइव्ह रेकॉर्ड्सकडे करारबद्ध होती. बिग बॉयचा 'सर ल्युशियस लेफ्ट फूट' मात्र 2010 मध्ये डेफ जॅमने काढला. आंद्रेचा आवाज दुसऱ्या कंपनीच्या अल्बमवर जाऊ द्यायला जाइव्हने नकार दिला, म्हणून दोघांची तयार गाणी अल्बमबाहेर राहिली. त्यातलं 'रॉयल फ्लश' तर 2008 पासूनच लोक ऐकत होते! तरी आंद्रे पूर्ण गायब नाही. 'यू एन्ट नो डीजे'चं संगीत त्याचंच आहे, फक्त तो गात नाही.

आणि खरं सांगू का, त्याची उणीव फारशी भासत नाही. 'जनरल पॅटन' या गाण्यात इटालियन संगीतकार व्हर्दीच्या 'आयडा' ऑपेरातलं समूहगान घेतलंय. त्या दणदणाटावर बिग बॉय ताशाच्या काडीसारखा तडतडतो, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. 'शटरबग'मधला टॉकबॉक्सचा (वाद्याचा सूर नळीने तोंडात आणून बोलका करणारं यंत्र) घुमणारा आवाज मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, वाया जातो. चांगले हेडफोन लावा. 2003 चा 'स्पीकरबॉक्स' अनेकजण बिग बॉयचा पहिला सोलो धरतात, पण तो आउटकास्टच्याच नावावरच्या जोड-अल्बमचा अर्धा भाग होता.