भाची फ्लाइंग शिकतेय. छोटं विमान वादळात सापडलं तर खरंच तुटतं का?

तुटतं. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडालेला पहिला माणूस स्कॉट क्रॉसफिल्ड २००६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत जॉर्जियात मरण पावला, तो सेसना २१० हे छोटं विमान घेऊन गडगडाटी वादळात शिरला म्हणूनच. विमानाचे हवेतच तुकडे झाले. एवढा मोठा टेस्ट पायलट!

माझं सांगतो. विदर्भातला एक क्लब, मे महिना, सोलो क्रॉस कंट्री म्हणजे एकट्याने लांबचं उड्डाण, विमान सेसना १७२. समोर दोन सीबी, म्हणजे गडगडाटी वादळाचे उंच ढग, आणि मधे निळी फट. आदल्याच आठवड्यात ढग बघून मी परत फिरलो होतो, तर इन्स्ट्रक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "तू रिक्षा चालव." ते डोक्यात होतं. शिरलो.

फट मिटली. पहिल्याच दणक्यात डोकं छतावर आपटलं, हेडसेट मानेवर आला, मांडीवरची पेन्सिल डोळ्यांसमोर तरंगली. थ्रॉटल पूर्ण, म्हणजे इंजिनाला सगळा जोर, नाक वर, आणि काटा दाखवतोय मिनिटाला दीड हजार फूट खाली! हे विमान चढतं जेमतेम सातशेने. मग शिकवलेलं आठवलं. थ्रॉटल मागे घेतला, वेग नव्वद नॉटच्या खाली आणला, उंचीचा नाद सोडला, फक्त पंख सरळ धरले. अशा झोतांत विमान सुरक्षित राहील अशी वेगाची मर्यादा असते, पूर्ण भरलेल्या १७२ च्या एस मॉडेलला ती १०५ नॉट, पण विमान हलकं असलं की ती खाली येते, हे पुष्कळ जण विसरतात. वेग त्याखाली असला तर झोताने पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे उचलून धरायचं सोडतो, मोडत नाही. जास्त वेगात मोडतो, कारण तो वरच्या बाजूला ३.८ जी, म्हणजे वजनाच्या ३.८ पट भार, सोसतो आणि खालच्या बाजूला फक्त दीड. दोनेक मिनिटांत बाहेर पडलो. उतरल्यावर सीटबेल्टचं बक्कल उघडेना, बोटंच चालत नव्हती.

मी वाचलो ते कौशल्याने नाही. तो ढग अजून वाढत होता, पुरता पिकला असता तर नव्वद नॉटचाही काही उपयोग झाला नसता. आदल्या आठवड्यात परत फिरलो तेच खरं फ्लाइंग होतं, सर. आजही तेच म्हणेन.

भाचीला सांगा, वळवाच्या दिवसांत मोठ्या सीबीपासून वीस मैल लांब राहायचं, दोन ढगांच्या मधून जायचं नाही. परत फिरल्याबद्दल कुणी टोमणा मारला तर क्लब बदला, भरलेली फी बुडाली तरी चालेल.

मात्र उन्हाळ्यात दुपारी नांगरलेल्या शेतांवरून जाताना जे हादरे बसतात ते नेहमीचे. तेवढ्यासाठी तिने परत फिरू नये.