चौघांचा जॅझ ग्रुप रेकॉर्ड करायला आठ माइक पुरतील का?

सॅक्स, पियानो, डबल बेस, ड्रम्स आणि घरातला हॉल, असं तुम्ही लिहिलंय. आठ पुरतील का म्हणे! चार परत करून या.

काही वर्षांपूर्वी गोव्यात, बार्देशातल्या एका जुन्या घरात आम्ही असाच ग्रुप रेकॉर्ड केला. उंच कौलारू छप्पर, कोपऱ्यात अपराइट (उभा) पियानो. माझा तेव्हाचा पार्टनर चौदा माइक घेऊन आला, त्यातले सात नुसत्या ड्रम्सला. माझं म्हणणं होतं, समोर ओआरटीएफ जोडी लावू (अख्खा ग्रुप स्टिरिओत पकडणारे दोन माइक, 17 सेंटीमीटर अंतर, 110 अंशांचा कोन), बेसला एक, सॅक्सला एक, संपलं. तो म्हणाला, "मिक्सिंगला हातात काहीतरी हवं ना रे!" शेवटी त्याचे चौदाच्या चौदा लागले आणि माझी जोडी वर 'असू दे' म्हणून.

पहिला टेक ऐकला. बेसचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर केला की राइड सिंबलच (ड्रम्समधली मोठी झांज) वर यायची. पार्टनर आवाज अडवायला गोधड्या शोधायला आत गेला. मी बेसवाल्या अंकलना म्हटलं, जरा ड्रम्सकडे तोंड करून उभे राहता का? ते हसले. "एरवी असाच उभा राहतो बाबा. भिंतीकडे तोंड तुम्हीच करायला लावलंत." बेसचा माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं ऐकणारा, आणि तो पाठीमागून बहिरा असतो. अंकल वळले, ड्रम्स माइकच्या पाठीशी गेले आणि सिंबल निम्मी झाली. गोधडीची गरज उरली नाही. बेसचा माइक एफ-होलवर (पुढच्या f आकाराच्या भोकावर) रोखू नका, नुसता घुमतो. घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) वीतभर लांब, बोटांच्या दिशेने किंचित वर. सॅक्सच्याही तोंडात माइक खुपसू नका, दोन फुटांवरून चाव्यांकडे धरा. तिथे रिबन माइक असेल तर उत्तम; तो पुढून-मागून ऐकतो, कडेने बहिरा, ती बहिरी कड ड्रम्सकडे.

पार्टनर कायम रूडी व्हॅन गेल्डरचं, त्या नावाजलेल्या अमेरिकन जॅझ ध्वनिमुद्रकाचं, नाव घ्यायचा, तोही माइक जवळच लावायचा म्हणून. लावायचा ना! पण 1959 पर्यंत तो अमेरिकेत न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्ड करायचा. सगळे एका खोलीत, मिक्स जागच्या जागी. नंतर तीन आठवडे चौदा ट्रॅक चिवडत बसायची सोयच नव्हती त्याला. आमच्या सीडीवर जे ऐकू येतं ते बहुतांशी माझ्या जोडीचं आहे. कव्हरवर ध्वनिमुद्रक म्हणून नाव एकाचंच, आणि ते माझं नाही.

कुठल्या कंपनीचे घ्यावेत? जे परवडतील ते. जुना रिबन मिळाला तर मात्र त्याला फँटम (मिक्सरकडून केबलमधून माइकला जाणारी वीज) देऊ नका.

हां, तुमचा हॉल बुटक्या छताचा, फरशी आणि काचांचा असेल तर माझी जोडी न्हाणीघरासारखी वाजेल. मग माइक जवळच न्यावे लागतील. शिवाय आवाज एकमेकांत मिसळले की एकाची चूक झाली तरी चौघांनी पुन्हा वाजवायचं.

आणि अपराइटचं वरचं झाकण उघडं ठेवा. त्या दिवशी पहिले दोन टेक मी ते विसरलो होतो. पार्टनर ती गोष्ट अजून सगळ्यांना सांगतो.