चेहरा उजळ, हात सावळे

नृत्यवर्गांच्या कार्यक्रमांचे दिवस जवळ आले की आमच्या कुडाळ-सावंतवाडी भागातल्या आया माझ्याकडे, समुपदेशकाकडे, एकच काळजी घेऊन येतात. "मॅडम, नाच छान बसलाय तिचा. पण स्टेजवर चांगली दिसेल ना?" कुणाला मुलीच्या जाडीची चिंता, कुणाला दातांच्या तारेची. बहुतेकींना रंगाची. या प्रश्नाचं उत्तर मला एका तेरा वर्षांच्या मुलीने शिकवलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचा पहिला एकल कार्यक्रम, तीन आठवड्यांवर आलं होतं आणि क्लासची वेळ झाली की तिच्या पोटात कळ यायची. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नव्हतं. आई थकली होती. "कांजीवरम घेऊन ड्रेस शिवला, दागिने चेन्नईहून मागवले. आता म्हणते नाचायचंच नाही. स्टेजची भीती असणार." सोबत आलेली आजी एवढंच म्हणाली, "आमचा चेडू काय वायट दिसता?" तिचं ते वाक्य मी लक्षात ठेवलं.

मुलीशी मी पोटदुखीबद्दल बोललेच नाही, नाचाबद्दल बोलत राहिले. अलारिपु, जतिस्वरम, मग लांबलचक वर्णम. कुठेच अडत नव्हतं तिचं. चेहरा उतरला तो मेकअपच्या ट्रायलचा विषय निघाल्यावर.

"काय झालं त्या दिवशी?"

"मेकअपवाल्या ताई म्हणाल्या, दोन शेड उजळ घेऊ. आई लगेच हो म्हणाली."

"मग?"

तिने हात गालाजवळ नेला, नाचात नेतात तसा. "बघा ना. हात इथे आला की चेहरा गोरा आणि हात काळा. सगळ्यांना कळणार, आईला माझा रंग लपवायचाय."

इतक्या वर्षांच्या कामात मला इतकं नेमकं निदान फार थोड्या मोठ्या माणसांकडून ऐकायला मिळालं आहे. स्टेजला ती घाबरत नव्हती. फाउंडेशनच्या त्या थरात तिने आईचं आपल्याबद्दलचं मत वाचलं होतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराने काम करते. घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, असं ते मांडत. एरवी मी मुलीने लावलेला अर्थच तिच्यासोबत तपासला असता. इथे तो बऱ्यापैकी खरा होता. तपासायची होती ती आईची समजूत, गोरी दिसली तरच चांगली दिसेल ही. हे ओळखता आलं, याचं मला आजही समाधान आहे.

आईला एकटीला बोलावलं. "लोक काय म्हणतील" पासून सुरुवात झाली. कुठले लोक, असं मी विचारत राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, "शाळेच्या गॅदरिंगला बाईंनी मला मागच्या रांगेत ढकललं होतं. पुढे सगळ्या गोऱ्या मुली. हिच्याएवढीच होते मी."

"लेकीला कुठे उभं करायचंय?"

"पुढे."

"अरंगेत्रम आहे. ती एकटीच नाचणार आहे. तिच्या पुढे कुणी नाहीच."

त्या बराच वेळ रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी स्वतःहून विचारलं, तिच्याच रंगाचं फाउंडेशन कुठे मिळेल?

नाट्यशास्त्राने वेशभूषा-रंगभूषेला आहार्य म्हणून अभिनयाच्या चार प्रकारांत स्थान दिलं आहे. डोळ्यांत ठसठशीत काजळ असतं ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नजर कुठे वळली ते दिसावं म्हणून. बोटांना अळता लावतात त्याने मुद्रा उठून दिसते. रंग बदलणं हे त्यातलं काम नाही. आणि आपल्याकडच्या दमट हवेत घामाने मानेवरचा थर फुटला की उजळ शेड उघडी पडतेच. शेड जबड्याच्या कडेला लावून बघा, गळ्यात मिसळली पाहिजे.

मुलीला निवड द्या. सगळी नको, दोन रंगांतला एक. आपले दशावतारी कलावंत स्वतःच आरसा घेऊन बसतात आणि स्वतःचं तोंड रंगवतात. मुलीने निदान काजळाची शेवटची रेघ स्वतः ओढावी. त्या मुलीने ती ओढली, आणि गजरा सुरंगीचाच हवा म्हणून हट्टही धरला.

पूर्ण पोशाखात, दागिने, गंगावण, घुंगरू सगळं घालून किमान दोनदा नाचून घ्या. कंबरपट्टा कुठे रुततो, पुढचा निऱ्यांचा पंखा अरमंडीत, म्हणजे गुडघे वाकवून अर्धं बसल्यावर, नीट उघडतो का, गंगावण डोकं दुखवतं का, हे तेव्हाच कळतं. या वयात अंग भराभर वाढतं, म्हणून ब्लाउजला आत शिलाई सोडायला सांगा. नवीन मेकअप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस थांबा. चष्मा असेल तर तालमीही चष्म्याशिवाय व्हाव्यात. पाळीबद्दल आधीच मोकळेपणी बोला आणि आतून गडद सायकलिंग शॉर्ट्स घाला. बाराव्या-तेराव्या वर्षी ही धास्ती पुष्कळ मुलींच्या मनात असते, पण कुणी विचारत नाही. तासन्‌तास मेकअपला बसवण्याआधी पेजेसारखं हलकं काही पोटात जाऊ द्या.

रंगपटात तिच्याजवळ एकच मोठं माणूस असावं आणि त्याने "पोट आत घे", "हसत राहा" असलं काही म्हणू नये. आणि फोटोग्राफरला कार्यक्रमाआधीच बजावून ठेवा, एडिटिंगमध्ये चेहरा उजळ करायचा नाही. त्या आईने ते लेकीसमोरच फोन करून सांगितलं.