सॅक घेताना आधी पाठ मोजावी

प्रश्न : माझी उंची ५ फूट १ इंच आहे. मागच्या हिवाळ्यात भावाची ६० लिटरची सॅक घेऊन मी खिरेश्वरमार्गे हरिश्चंद्रगडावर मुक्कामी गेले होते. तोलार खिंडीत पोहोचेपर्यंत खांदे भरून आले आणि पुढच्या कातळटप्प्यावर सॅक मागे ओढते आहे असे सतत वाटत राहिले. आता स्वतःची सॅक घ्यायची आहे, तर ती ४० लिटरची घ्यावी की ५० लिटरची?
– एक वाचक, पुणे

उत्तर : लिटरचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. गडावरच्या एका मुक्कामासाठी, तंबू न्यायचा नसेल तर, ४० ते ४५ लिटर पुरेसे होतात. मोठी सॅक घेतली की रिकामी जागा भरण्याचा मोह आवरत नाही. आपल्या खांद्यांचे दुखणे मात्र बहुधा लिटरमुळे नसून सॅकच्या पाठीच्या लांबीमुळे असावे.

ही लांबी घरीच मोजता येते. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या तळाशी जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंत, पाठीच्या कण्याच्या वळणावरून टेप धरून कोणाकडून तरी माप घ्यावे. उंचीवरून अंदाज बांधू नये, कारण सारख्याच उंचीच्या दोन व्यक्तींच्या पाठीत चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज असू शकतो. सॅकची पाठ आपल्या पाठीपेक्षा लांब असली, तर कमरपट्टा हाडांच्या खाली घसरतो आणि जे वजन मुख्यतः कमरेने पेलायचे ते सगळे खांद्यांवर येते. आपल्या बाबतीत हेच घडले असण्याची शक्यता अधिक आहे.

दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून आरशात पाहण्याला काहीच अर्थ नाही. तीत सात-आठ किलो वजन भरायला सांगावे. सर्व पट्टे सैल करून आधी कमरपट्टा हाडांवर बसवून आवळावा, मग खांद्याचे पट्टे, त्यानंतर खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे तिरके जाणारे छोटे पट्टे आणि शेवटी छातीचा पट्टा लावावा. खांदा आणि पट्टा यांत पोकळी दिसली तर पाठ लांब आहे. कमरपट्ट्याच्या गाद्या पोटावर एकमेकींना भिडत असतील, तर पट्टा पूर्ण आवळता येणार नाही. स्त्रियांसाठीच्या सॅकमध्ये पाठ आखूड आणि खांद्याचे पट्टे अधिक वळणदार असतात, त्यामुळे त्या आवर्जून लावून पाहाव्यात. दुकानदाराला घाई असली तरी दहा-पंधरा मिनिटे चालावे, जिना असेल तर चढून-उतरून पाहावा.

पाठीपासून सुटी राहणारी ताणलेली जाळी घामाच्या दृष्टीने उत्तम, पण तिच्यामुळे वजन शरीरापासून थोडे दूर जाते. कातळावर किंवा कळसूबाईसारख्या शिड्यांच्या वाटेवर पाठीला चिकटून बसणारी, फार रुंद नसलेली सॅक मला अधिक भरवशाची वाटते. भरतानाही पाण्याच्या बाटल्या आणि शिधा पाठीलगत, मध्यभागी ठेवावा; तीन लिटर पाण्याचेच तीन किलो होतात आणि ते बाहेरच्या कप्प्यात ठेवले तर सॅक मागे ओढणारच.

खरेदीपूर्वी भावाची सॅक एकदा नीट तपासावी. कित्येक मोठ्या सॅकमध्ये खांद्याच्या पट्ट्यांची जोडणी वरखाली सरकवता येते. ती आपल्या मापापर्यंत खाली येत असेल, तर तूर्तास नवी सॅक घेण्याची गरज नाही.